‘किती देते?’ आणि मामांचा उलटा प्रश्न

मागच्या भागात आपण बुलेटबद्दल बोललो, आणि त्याखाली तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा काय विचारलंत हे सांगायलाच नको. इंदूरहून, हैदराबादहून, बेळगावहून, अगदी गुवाहाटीला नोकरीला असलेल्या एका दादाकडूनही तोच प्रश्न आला. ॲव्हरेज किती देते?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो बडोद्यात, दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या वाड्याच्या ओट्यावर. मामांनी सेकंड हँड राजदूत ३५० घेतली होती. आम्हा मुलांच्या तोंडी ती ‘आरडी’. मी विचारलं, “मामा, किती देते ही?” मामा फडक्याने टाकी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “कुणाला?”

तेव्हा मला तो फाजीलपणा वाटला. आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या एका शब्दाच्या आतलं आहे. भारतात ताकदवान मोटरसायकलीचा इतिहास लिहायचा तर तो अश्वशक्तीपेक्षा पेट्रोलच्या आकड्याने जास्त लिहिला गेलाय, आणि तो आकडा आपण कायम गाडीला विचारला. चालवणाऱ्याच्या उजव्या मनगटाला फारसा कुणी विचारला नाही.

आधी गाडीची कुळकथा. यामाहाची आरडी ३५० ही १९७३ सालची. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, हवेने थंड होणारं, सहा गिअर, ७५०० आरपीएमला ३९ हॉर्सपॉवर. त्या काळी तिच्या दुप्पट आकाराच्या गाड्यांना ती घाम फोडायची. पण ज्या वर्षी ती आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि जगभर पेट्रोल महागलं. पुढे अमेरिकेत १९७८ पासून मोटरसायकलींच्या धुरावर नियम आले आणि टू-स्ट्रोकचा तिथला बाजार आटला. तिची धाकटी बहीण, आरडी ४००, १९७९ च्या ‘डेटोना स्पेशल’नंतर अमेरिकेत दिसली नाही.

आणि मग १९८३ साली हीच दहा वर्षं जुनी गाडी एस्कॉर्ट्सने फरीदाबादेहून भारताच्या रस्त्यावर आणली. आपल्याकडे तोवर काय होतं? बुलेट, येझदी, राजदूत १७५ आणि अमाप स्कूटर. त्या गर्दीत ही आली. पुढची डिस्क काढून ड्रम ब्रेक बसवला होता, ताकद कमी करून ६७५० आरपीएमला ३०.५ हॉर्सपॉवरवर आणली होती. तरीही इथल्या माणसाने असलं काही चालवलेलं नव्हतं. शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तिथे तिचं राज्य होतं. रस्त्यावर मात्र लोक ‘आरडी म्हणजे रॅपिड डेथ’ असं म्हणत, आणि त्यात थोडा ड्रम ब्रेकचाही वाटा होता.

पेट्रोलचं म्हणाल तर वीस-पंचवीसच्या घरात, असं बहुतेक जुने आरडीवाले सांगतील. काही जण शपथेवर तीस सांगतील, काही जण कबूल करतील की पंधराही पाहिलेत. गंमत अशी की हे सगळे खरं बोलत असतात.

ते कसं, हे समजायला टू-स्ट्रोकच्या पोटात शिरावं लागेल. इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायची खेप वेगळी आणि जळलेला धूर बाहेर टाकायची खेप वेगळी. प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह. टू-स्ट्रोकमध्ये ही दोन्ही कामं जवळजवळ एकाच वेळी उरकतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली गेला की धुराची खिडकी उघडते, पाठोपाठ ताज्या मिश्रणाची उघडते, आणि आत येणारं ताजं मिश्रण धुराला ढकलून बाहेर काढतं. लग्नाच्या मांडवात एका दारातून पंगत बाहेर पडतेय आणि दुसऱ्यातून नवी आत घुसतेय तसं. आता अशा गडबडीत नव्यांपैकी काही जण न जेवताच समोरच्या दाराने बाहेर पडणार, हे ओघाने आलं. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या पेट्रोलचा काही हिस्सा असाच न जळता सायलेन्सरमध्ये जातो. परिस्थिती वाईट असेल तर हा हिस्सा पाव किंवा त्याहूनही जास्त होतो.

तो परत आणायची युक्ती सायलेन्सरच्या आकारात दडलेली असते. आतली नळी आधी फुगत जाते आणि मग निमुळती होते. धुराच्या धक्क्याने जी दाबाची लाट निघते ती निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते, आणि नेमकी खिडकी मिटायच्या आत पोचली तर पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. पण लाटेला लागणारा वेळ नळीच्या लांबीवर ठरलेला, आणि इंजिनाचा वेग मात्र बदलता. म्हणून ही भेट एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच होते. त्या पट्ट्यात गाडी एकदम उसळते. ज्याने आरडी चालवलीय त्याला ती पाचेक हजारांच्या आसपासची उसळी आठवत असेल. त्याच्या खाली लाट चुकीच्या वेळी येते आणि पेट्रोल फुकट जातं.

याचा अर्थ बघा. आपण समजतो की हळू चालवली की पेट्रोल वाचतं. फोर-स्ट्रोक कम्युटरला हे बऱ्यापैकी लागू आहे. पण असल्या टू-स्ट्रोकला बाजारपेठेच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत नेणं हेही उधळपट्टीचंच. आणि उसळीच्या पट्ट्यात नेली, की पेट्रोल कामी येतं खरं, पण ते काम म्हणजे वेग, आणि त्या वेगाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

ती किंमत हवा घेते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या वेगाला जेवढा, त्याच्या पावणेतीनपट १०० च्या वेगाला. सरळ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला धरलेलं दारच. ताकदवान गाडीची अडचण ही, की तिच्यावर १०० हा वेग ६० सारखा वाटतो. कम्युटर गाडी शंभरीला हातपाय थरथरवून तुम्हाला सांगते की बाबा रे, पुरे. आरडी सांगत नाही.

आणि दुसरी किंमत ब्रेकची. मामांसकट आरडीचं वजन सव्वादोनशे किलो धरा. ती ६० च्या वेगाला असताना तिच्या अंगात सुमारे ३१ किलोज्यूल ऊर्जा असते. सिग्नल लागला, ब्रेक दाबला, सगळी ड्रमच्या उष्णतेत गेली. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण त्यातली १५ टक्के चाकापर्यंत पोचली असं धरलं, तर त्या एका ब्रेकची किंमत येते साडेसहा मिलिलिटर पेट्रोल. म्हणजे चहाच्या चमच्याहून जरा जास्त. तोच ब्रेक ९० वरून दाबला तर जवळपास १५ मिलिलिटर, म्हणजे पोह्याचा चमचाभर. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना मूठ पिळून तिथवर पळत जायचं आणि कचकन थांबायचं, असं दिवसातून पन्नासदा केलंत तर पाऊण लिटर निव्वळ ब्रेक तापवण्यात जाईल. हा हिशोब माझा, ढोबळ आहे. १५ टक्क्यांऐवजी २० धरलेत तर आकडे खाली येतील, पण ६० आणि ९० मधलं प्रमाण तेच राहील.

मामांनी मला हे गणिताने शिकवलं नाही. बडोदा ते हालोल आणि परत, साधारण ८० किलोमीटर. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून. परत येऊन त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. एक रविवार मामांचा, पुढचा माझा. मामा वरच्या गिअरमध्ये साठाला सुई लावून, पुढचा ट्रॅक्टर दिसला की लांबूनच मूठ सोडत गेले. मी कसा गेलो ते विचारू नका, मी वीस वर्षांचा होतो. पंपावरच्या माणसाने माझ्या फेरीनंतर जे भरलं ते मामांच्या दीडपटीहून जास्त होतं. गाडी तीच, कार्बोरेटर तोच, रस्ता तोच, टायरमधली हवा मामांनी स्वतः तपासलेली. मामा पैसे देताना एवढंच म्हणाले, “आता विचार, किती देते.”

हे झालं घरचं. कारखान्याने या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत चुटपुट लावणारं वाटतं.

गिऱ्हाईक बोंबलत होतं की गाडी पेट्रोल पिते. १९८५ च्या सुमाराला एस्कॉर्ट्सने दुसरी आवृत्ती काढली. जुनीला लोक ‘हाय टॉर्क’ म्हणू लागले आणि नवीला ‘लो टॉर्क’. नवीचे सायलेन्सर जास्त आवळलेले, ताकद ६५०० आरपीएमला २७ हॉर्सपॉवर. म्हणजे चालवणाऱ्याच्या मुठीला आवर घालता येत नाही, तर इंजिनाचाच गळा आवळा. लो टॉर्कवाले सांगतात, लिटरमागे चार-पाच किलोमीटर वाढले.

यावर मित्रमंडळी हसतात. चार-पाच किलोमीटरसाठी एवढा खटाटोप? पण इथे आपला मोजायचा प्रकारच आपल्याला फसवतो. हजार किलोमीटरचा हिशोब करा. २० देणारी गाडी ५० लिटर पिते, २५ देणारी ४०. वाचले दहा लिटर. आता ६० देणारी गाडी ८० द्यायला लागली, जाहिरातीत केवढं मोठं वाटतं! पण हजार किलोमीटरला तिचं पेट्रोल पावणेसतरा लिटरवरून साडेबारावर येतं. वाचले सव्वाचार. म्हणजे पिणाऱ्या गाडीवरचे पाच किलोमीटर हे न पिणाऱ्या गाडीवरच्या वीस किलोमीटरपेक्षा खिशाला जास्त मोलाचे. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, तिथे हा घोटाळा होत नाही. आपण लिटरला किती किलोमीटर विचारतो, आणि मोठा आकडा दिसला की भुलतो.

तेव्हा लो टॉर्कचा हेतू चुकीचा नव्हता. चुकलं ते औषध. आणि चुटपुट यासाठी, की नेमक्या १९८३ साली, फरीदाबादेहून जुनी आरडी बाहेर पडत होती तेव्हाच, जपानमध्ये यामाहाने नव्या ३५० ला वायपीव्हीएस बसवलं. धुराच्या खिडकीपाशी एक फिरता दांडा. इंजिन हळू असताना तो खिडकी लहान करतो, वेग वाढला की मोठी करतो. लाट चुकीच्या वेळी येते, ताजं मिश्रण पळतं, हे मघाशी आपण जे बोललो त्याच दुखण्यावरचा हा इलाज. खालच्या वेगाला ओढ वाढते आणि उधळपट्टी कमी होते, वरची ताकदही शाबूत राहते. एकीकडे दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेलं, आणि आपल्याकडे सगळ्या देहालाच पट्टी. परवाना, किंमत, सुटे भाग हे सगळे अडथळे खरेच होते, मला मान्य आहे. तरीपण लो टॉर्कच्या गाडीवर बसलं की गळा आवळलेल्या गवयाचं गाणं ऐकल्यासारखं वाटतं.

१९८५ मध्येच धारुहेड्याहून हीरो होंडाची सीडी १०० आली. ९७ सीसी, फोर-स्ट्रोक, आणि जाहिरातीचं ते प्रसिद्ध वाक्य, ज्याचा मथितार्थ पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ऐंशीच्या घरातला आकडा. देशाने दोन तेलसंकटं सोसली होती, बॉम्बे हाय सुरू होऊनही एक तृतीयांशाच्या आसपास तेल बाहेरून येत होतं, आणि पगारदार माणूस स्कूटरच्या हप्त्यात दबलेला. त्या माणसाने सीडी १०० घेतली, तर त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आरडी दशक संपता संपता बंद पडली. १९८५ मध्येच आलेली यामाहाची आरएक्स १०० मात्र टू-स्ट्रोक असूनही १९९६ पर्यंत टिकली, कारण शंभरेक किलोच्या अंगात ११ हॉर्सपॉवर होते. वजन कमी तर प्रत्येक ब्रेकची किंमत कमी. मजा आणि खर्च यांचा मेळ त्या गाडीने बराचसा साधला होता.

पण सीडी १०० च्या विजयाने एक गोष्ट पक्की बसली. आकडा गाडीचा असतो. चालवणारा विसरून गेला तरी चालेल.

आणि सरकारी चाचणीनेही तेच अधोरेखित केलं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनचाचणीची संस्था आहे, १९६६ पासूनची. तिच्या प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून धूर आणि पेट्रोल मोजतात ते एका ठरावीक वेळापत्रकानुसार. ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या नावाने ते बरीच वर्षं चाललं. १०८ सेकंदांचं एक आवर्तन, अशी सहा. सगळं मिळून अंतर जेमतेम चार किलोमीटर. सरासरी वेग ताशी २२ च्या आत आणि कमाल वेग ४२. आपल्या शहरांतल्या रहदारीवरून बेतलेलं, त्यामुळे सीडी १०० वाल्यासाठी ते अन्यायाचं नव्हतं. पण दीडशे-दोनशे सीसीची पळणारी गाडी कोण ४२ च्या वर नेणार नाही? त्या गाड्यांच्या बाबतीत कंपनीचा आकडा आणि पंपावरचा आकडा यांचं कधी जमलंच नाही, आणि गिऱ्हाईकाला वाटत राहिलं की कंपनी खोटं बोलते. खोटं नव्हतं ते. तुमच्यासारखं चालवणारं कुणी त्या रोलरवर बसलेलंच नव्हतं. अलीकडे, बीएस-४ आणि बीएस-६ च्या काळात, डब्ल्यूएमटीसी हे जागतिक वेळापत्रक आलं. त्यात इंजिनाचा आकार आणि गाडीचा कमाल वेग यांप्रमाणे वर्ग पाडलेत, आणि मोठ्या गाडीला शंभरीच्या पुढेही पळवून बघतात.

मनगटाची दखल घ्यायला गाड्यांनी मात्र आधीच सुरुवात केली होती. १९९९ ची हीरो होंडा सीबीझी आठवा. १५६.८ सीसी. तिच्या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप होता. मूठ झटक्याने पिळली की पेट्रोलची एक जादा पिचकारी थेट आत. पिकअप झकास. पण सवयीने दर दोन सेकंदांनी मूठ फुरफुरवणारे कॉलेजकुमार दर झटक्याला पिचकारी मारून घेत होते. एकाच मोहल्ल्यात एकाची सीबीझी पंचेचाळीस द्यायची आणि दुसऱ्याची तीस, आणि दुसरा मेकॅनिकशी भांडायचा. मग २००१ मध्ये आकुर्डीच्या बजाजची पल्सर आली आणि २००३ मध्ये तिला दोन स्पार्क प्लगचं डीटीएस-आय. मिश्रण दोन बाजूंनी पेटतं, लवकर जळतं. त्यासोबत मूठ किती उघडलीय हे ओळखून ठिणगीची वेळ बदलणारी यंत्रणाही. ताकद आणि ॲव्हरेज एका जाहिरातीत शेजारी शेजारी बसले ते तिथून.

आजच्या इंजेक्शनवाल्या मोठ्या गाड्यांत तर मूठ पूर्ण सोडून गिअरमध्येच उतारावर आलात, तर इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. चाकं इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रल टाकलंत तर इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रल टाकून ‘वाचवणारे’ आता पेट्रोल घालवतात, आणि इंजिनाचा ब्रेकही.

जुन्या टू-स्ट्रोकला मात्र याच्या बरोबर उलट संकट होतं, आणि ते मामांच्याच गाडीवर मी पाहिलं. आरडीत ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने जातं आणि तो पंप मुठीच्या केबलला जोडलेला असतो. मूठ बंद, की ऑइलही जेमतेम. सापुताऱ्याहून वघईकडे उतरताना मामा मूठ पूर्ण मिटून, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर आरामात चालले होते. पेट्रोल वाचतंय म्हणून खूश. इंजिन मात्र चाकांच्या जोराने गरागरा फिरत होतं, तेलाच्या थेंबासाठी तहानलेलं. जुने आरडीवाले अशा उतारावर मधूनमधून क्लच ओढून मूठ जराशी पिळतात ते याचसाठी. मामांना हे माहीत होतं. त्या दिवशी मागे मी बसलो होतो आणि ते मला पेट्रोल कसं वाचवायचं ते समजावून सांगत होते.

एका वळणावर मागचं चाक कचकन धरलं. मामांनी क्लच ओढला म्हणून पडलो नाही. डावा पिस्टन चिकटला होता. गाडी टेम्पोत घालून बडोद्याला आणली. पिस्टन बडोद्यात मिळाला नाही, बंगळुरूहून मागवला, दीड महिना लागला. मामांनी एका वहीत त्या खर्चाला हालोलच्या फेरीत वाचलेल्या पेट्रोलने भागून पाहिलं होतं. आकडा काय आला ते त्यांनी मला कधी दाखवलं नाही.